सेटअप चालवण्याआधी: कंट्रोल सिस्टमचे सर्व्हर आणि ऑपरेटर स्टेशन लावताना

नवे सर्व्हर रॅकमध्ये चढले की सगळ्यांना घाई असते ती स्क्रीनवर ग्राफिक्स बघायची. ही घाई मी चालू देत नाही. स्काडा असो की डीसीएस (प्लँटवर नजर ठेवणाऱ्या आणि तो चालवणाऱ्या संगणक प्रणाली), मशीनचं नाव, नेटवर्कवरचे पत्ते आणि घड्याळ पक्कं झाल्याशिवाय सेटअप उघडायचा नाही. या तिन्ही गोष्टी सॉफ्टवेअर स्वतःच्या आत ठिकठिकाणी लिहून ठेवतं आणि नंतर बदलायला गेलात की एकेक जागा शोधत बसावं लागतं.

नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा, कारण विंडोजचं नेटबायोस नाव तेवढंच धरतं. फक्त अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ वापरा, अंडरस्कोर नको. सेटअप झाल्यावर नाव बदललं तर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस जुनंच नाव धरून बसतो, ओपीसी यूएच्या (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिस्टमनी आपसात डेटा देण्याघेण्याची पद्धत) प्रमाणपत्रात जुनं नाव राहतं आणि जोडीचा राखीव सर्व्हर जुन्या नावालाच हाका मारत राहतो. नावांची यादी आधी कागदावर काढा, प्लँटवाल्यांची सही घ्या, मगच मशीनवर टाका.

पत्ते सगळे स्थिर. दुहेरी नेटवर्क असेल तर एक साधी शिस्त पाळा: पहिल्या नेटवर्कवर सर्व्हरचा शेवटचा आकडा ११ असेल तर दुसऱ्यावरही ११च. रात्री फॉल्ट शोधणाऱ्या माणसाला याचा किती आधार वाटतो, ते त्यालाच विचारा. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डांची ‘इथरनेट’, ‘इथरनेट २’ ही नावं तशीच सोडू नका. ‘कंट्रोल अ’, ‘कंट्रोल ब’, ‘प्लँट’ अशी नावं द्या आणि केबलवरही तेच लेबल लावा. डिफॉल्ट गेटवे एकाच कार्डावर द्या. कंट्रोलच्या कार्डांवर ‘डीएनएसमध्ये नोंदवा’ (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा) ही खूण काढा, नाहीतर एकाच नावाला भलतेच पत्ते चिकटतात आणि क्लायंट कधी जोडला जातो, कधी नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रत्येक कार्डाचं ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे’ हेही काढायचं. सहसा ही खूण राहूनच जाते.

आता घड्याळ, आणि इथे मी सर्वात जास्त वेळ देतो. समजा टाकीची पातळी खाली गेली म्हणून पंप ट्रिप झाला. पातळीच्या अलार्मवर एका सर्व्हरची वेळ पडते, पंपाच्या ट्रिपवर दुसऱ्याची. दुसऱ्याचं घड्याळ नुसतं ४ सेकंद मागे असलं, तरी यादीत पंप आधी बंद पडलेला दिसेल आणि पातळीचा अलार्म नंतर. आधी काय घडलं यावरच तर चौकशी चालते. मग चांगला पंप उघडून बसतात, आणि पातळी का गेली हा खरा प्रश्न तसाच राहतो.

त्यामुळे वेळेचा उगम एकच हवा, शक्यतो जीपीएस घड्याळ. विंडोजचं डोमेन (सगळ्या मशीनची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था) असेल तर पीडीसी एम्युलेटरची, म्हणजे डोमेनला वेळ देण्याची, भूमिका असलेल्या डोमेन कंट्रोलरने त्या घड्याळाकडून वेळ घ्यावी आणि बाकी मशीननी डोमेनकडून. प्लँटची यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरनाही त्याच उगमावर आणा. नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीसाठी यूडीपी १२३ पोर्ट मोकळा लागतो. सर्व्हर व्हर्च्युअल असतील तर होस्टकडून वेळ घेणं बंद करा, दोन मालक झाले की घड्याळ इकडेतिकडे ओढलं जातं. डोमेनमध्ये लॉगिन तपासणारं केर्बेरॉस मुळात ५ मिनिटांचाच फरक चालवून घेतो, त्यापुढे लॉगिनच नाकारलं जातं. प्रमाणपत्राचंही तसंच: ज्या मशीनचं घड्याळ मागे, त्याच्या दृष्टीने आज बनवलेलं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. हिस्टोरियन (प्लँटचा डेटा वेळेसह साठवणारं सॉफ्टवेअर) सुरू करण्याआधी वेळ बरोबर असलीच पाहिजे, कारण नोंदी सुरू झाल्यावर घड्याळ मागे घेतलं तर त्याच वेळेच्या दुहेरी नोंदी पडतात.

सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर टाका. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल असं ठेवा आणि विलंब देता येत असेल तर डोमेन कंट्रोलर आधी, बाकीचे मागाहून. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’, स्लीप बंद, अपडेटनंतरचा आपोआप रीस्टार्ट बंद. अपडेट टाकायचेच, पण सिस्टम उत्पादकाने तपासलेले आणि जोडीतला एकेक सर्व्हर घेऊन. अँटिव्हायरसमधून हिस्टोरियनचे आणि डेटाबेसचे फोल्डर उत्पादकाच्या यादीप्रमाणे वगळा. विंडोज फायरवॉल बंद करून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका, लागतील तेवढेच पोर्ट उघडा. एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत) मात्र कायमचं बंद. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस त्याच दारातून पसरला होता.

जुन्या ओपीसीचा क्लायंट आणि सर्व्हर वेगळ्या मशीनवर असतील तर डीकॉमशी (एका मशीनवरच्या प्रोग्रामने दुसरीकडच्या प्रोग्रामशी बोलायची विंडोजची पद्धत) गाठ आहे. मार्च २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये डीकॉमची कडक तपासणी बंद करण्याची सोय राहिलेली नाही, म्हणून एक मशीन अद्ययावत आणि दुसरं जुनं अशी जोडी अडते. नव्या कामात मी ओपीसी यूएच मागतो: साधारण ४८४० हा एकच पोर्ट, आणि दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्राची ओळख.

ऑपरेटर स्टेशनला आपोआप लॉगिन चालेल, पण खातं अ‍ॅडमिनचं नको. तिथे स्क्रीन लॉक आणि स्क्रीनसेव्हर बंद, कारण अलार्म आला तेव्हा ऑपरेटरने पासवर्ड टाकत बसायचं नाही. इंजिनिअरिंग स्टेशनला बरोबर उलट: लॉक हवाच. यूएसबी दोन्हीकडे बंद.

रिडंडन्सी, म्हणजे एक सर्व्हर गेला की दुसरा काम घेतो का, हे तपासताना मुख्य सर्व्हर शटडाऊन करून पाहणं ही तपासणीच नव्हे. शटडाऊनमध्ये तो रीतसर निरोप घेतो, खऱ्या बिघाडात घेत नाही. विजेच्या दोन्ही वायरी खेचा. ऑपरेटर स्टेशनवर एक वेगाने हलणारा ट्रेंड उघडा ठेवा आणि किती सेकंद रेघ तुटते ते लिहा. मग वीज द्या आणि बघा: परत आलेला सर्व्हर गुपचूप राखीव होतो का, मधला डेटा भरून घेतो का. त्यानंतर दोन सर्व्हरमधली फक्त हार्टबीटची, म्हणजे एकमेकांना ‘मी चालू आहे’ कळवण्याची, केबल काढा. दोघेही स्वतःला मुख्य समजू लागले तर तिथेच थांबा आणि उत्पादकाला बोलवा. हे सगळं प्लँट सुरू होण्याआधी उरकायचं. चालू प्लँटवर सर्व्हर गेले तरी कंट्रोलर आपलं काम करत राहतात, पण ऑपरेटर आंधळा होतो. म्हणून तिथे लेखी परवानगी आणि फील्डमध्ये माणूस उभा असल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही.

सगळं पास झालं की प्रत्येक मशीनची डिस्क इमेज घ्या आणि निदान एक इमेज सुट्या डिस्कवर उतरवून मशीन सुरू करून बघा. लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असेल तर इमेज नव्या मशीनवर उतरूनही सॉफ्टवेअर उठणार नाही. तेव्हा लायसन्स हलवायची पद्धत उत्पादकाकडून आधीच लेखी घ्या आणि तो कागद इमेजच्या डिस्कबरोबरच ठेवा.