जुन्या जलतरण तलावाचा पृष्ठभाग नव्याने करताना या चुका टाळा

लोणावळा, कर्जत आणि अलिबाग परिसरातील बंगल्यांच्या आवारात १५–२० वर्षांपूर्वी बांधलेल्या काँक्रीटच्या तलावांत वयाची लक्षणे आता उघड दिसू लागली आहेत. मोझॅकच्या फरशा निखळतात, सांध्यांतील ग्राउट झिजतो आणि पाण्याची पातळी रोज थोडी थोडी उतरते. अशा वेळी मालक नव्या फरशीचा रंग निवडायला घेतो, कंत्राटदार चौरस फुटाचा दर सांगतो. जुनी फरशी कशामुळे सुटली, हे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक कामाचा निम्मा खर्च वाया जाणार की कारणी लागणार, हे याच प्रश्नावर ठरते.

पावसाळ्यात तलाव रिकामा करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पावसाळ्यात बंगला रिकामा असतो, तलाव कोणी वापरत नाही, तेव्हा काम उरकून घ्यावे, असा विचार केला जातो. परंतु कोकणात आणि घाटमाथ्यावर त्या महिन्यांत भूजल अगदी वर आलेले असते, आणि भरलेल्या तलावातील पाण्याचे वजनच एरवी त्याला जागेवर दाबून धरत असते. भूजलाची पातळी तळाच्या एक मीटर वर असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून सुमारे १,००० किलोचा रेटा बसतो; उलट १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट तळाचे वजन चौरस मीटरला जेमतेम ३७५ किलो भरते. रिकामा तलाव अशा वेळी उचलला जातो, तळ फुगून तडकतो किंवा पाइप तुटतात, आणि मग दुरुस्ती पृष्ठभागापुरती राहत नाही.

म्हणून आवारातील विहिरीची पातळी आधी पाहावी. विहीर नसेल, तर तलावाशेजारी तळापेक्षा खोल चाचणी-खड्डा घेऊन त्यात पाणी साचते का, हे तपासावे. काही तलावांच्या तळाला भूजलाचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो; तो चालू आहे याची खात्री करावी, आणि नव्या थराखाली गवंडी तो बुजवून टाकणार नाही, याकडे स्वतः लक्ष द्यावे. जानेवारी ते मार्च हा काळ मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत भूजल खाली असले, तरी रिकाम्या तलावाच्या भिंती इतक्या तापतात की फरशीचा चिकटपदार्थ फरशी दाबण्याआधीच सुकतो. त्याच काळात काम करणे भाग असेल, तर वर हिरवी जाळी बांधून सावली करावी.

गळती न शोधताच काम सुरू करणे

उन्हाळ्यात केवळ बाष्पीभवनानेही पातळी दिवसाला काही मिलिमीटर उतरते, त्यामुळे नुसत्या अंदाजाने निष्कर्ष काढू नये. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, बादलीत आणि तलावात पातळीच्या खुणा कराव्यात आणि २४ तासांनी दोन्हींची तुलना करावी. तलावातील घट अधिक असेल, तर गळती आहे. हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून घ्यावी: पंप चालू असताना घट वाढत असेल, तर पाणी परत आणणाऱ्या पाइपवर संशय घ्यावा. पातळी एका विशिष्ट उंचीवर येऊन थांबत असेल, तर त्या उंचीवरचा दिवा, इनलेट (तलावात पाणी सोडणारे तोंड) किंवा तडा आधी तपासावा. पाइप गळत असताना केलेली नवी फरशी कितीही सुबक असली, तरी गळती तशीच राहते.

जुन्याच फरशीवर नवी फरशी लावणे

फोडकाम वाचते, म्हणून हा सल्ला वारंवार दिला जातो आणि तो बहुधा चुकीचा असतो. लाकडी हातोडीने जुनी फरशी ठोकून पाहिल्यास जिथे बद्द, पोकळ आवाज येतो, तिथे तिने मागच्या गिलाव्याला केव्हाच सोडलेले असते. अशा पायावर चढवलेला थर त्याच्यासकट सुटतो. शिवाय प्रत्येक वाढीव थराने मेन ड्रेनची जाळी, इनलेट आणि काठ यांच्या पातळ्या बिघडतात. काठावरून पाणी वाहणाऱ्या तलावात तर काही मिलिमीटरच्या फरकानेही पाणी एकाच बाजूने ओसंडते.

फोडकामानंतर काँक्रीटवर तांबूस डाग दिसले, तर त्यांवर लेप देऊन पुढे जाऊ नये. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. त्या जागी सळईच्या मागे सुमारे २० मिलिमीटर मोकळे होईपर्यंत काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप देऊन मगच पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरावे. तड्यांबाबतही हाच संयम हवा. काळ्या मातीत जमीन फुगते आणि आकसते, त्यामुळे तेथील तडा अजून हलत असण्याची शक्यता असते. त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवून काही आठवडे ठेवावी. ती तडकली, तर तडा जिवंत आहे, आणि तेव्हा गवंड्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

वॉटरप्रूफिंग झाले की लगेच फरशी लावणे

तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा करून, पाइप आणि दिव्यांभोवती विशेष काळजी घेऊन, लेपाचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत. लेप उत्पादकाने सांगितल्याइतका सुकू द्यावा आणि मगच तलाव भरून किमान ४८ ते ७२ तास पातळी तपासावी. कामाचा मुक्काम लांबतो म्हणून कंत्राटदार ही चाचणी टाळू पाहतो. मालकाने ती करारातच लिहून घ्यावी.

फरशी आणि ग्राउट

०.५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी शोषणारी फरशी किंवा काचेचे मोझॅक घ्यावे. स्नानगृहाच्या भिंतीची साधी सिरॅमिक फरशी बरेच पाणी शोषते. जाळीवर चिकटवलेले मोझॅक असल्यास त्याचा गोंद पाण्यात विरघळणारा नाही, हे विचारावे. आम्लयुक्त पाण्याने सिमेंटचा ग्राउट खाल्ला जातो, म्हणून एपॉक्सी (कृत्रिम राळेच्या) ग्राउटचा जादा खर्च मी योग्यच मानतो. मात्र त्याचे डाग ताजे असतानाच पुसावे लागतात.

पहिले पाणी

ज्या तलावात फरशीऐवजी सिमेंटचा गिलावा आहे, तो भरताना मध्येच थांबू नये, अन्यथा पातळीच्या रेषेचा कायमचा पट्टा उमटतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) ८० ते १२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तितके भाग, ठेवावी. पाणी फार मऊ असेल, तर ते गिलाव्यातील व सिमेंटच्या ग्राउटमधील चुना ओढून घेते. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर उलट पांढरी खपली बसते. क्लोरिनच्या ट्रायक्लोर गोळ्या थेट पाण्यात टाकू नयेत: त्या तीव्र आम्लधर्मी असतात, तळाशी पडून विरघळताना नव्या पृष्ठभागावर खड्डे आणि फिकट डाग पाडतात, म्हणून त्या तरंगत्या डब्यात किंवा फीडरमध्येच ठेवाव्यात.