रात्री जंगलरस्त्यावर जनावर आडवं आलं तर: या चुका टाळा

चंद्रपूर–मूल, नागपूर–उमरेड, गोंदिया–कोहमारा. या रस्त्यांवर रात्री ये-जा करणाऱ्या प्रत्येकाकडे रोह्याचा (म्हणजे नीलगाईचा) नाहीतर रानडुकराचा एखादा किस्सा असतोच. किस्से ऐकताना मी हमखास एकच विचारतो: तेव्हा काटा कितीवर होता? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

उजेडापुढे धावणारी गाडी

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी हिशोब करू. डिप्परवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतात, समोरचं साधारण 50-60 मीटरपर्यंतच नीट दिसतं. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 33 मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी 35 मीटर. बेरीज जवळपास 70. म्हणजे रोही उजेडात आला तेव्हाच धडक ठरलेली असते. तीच गाडी 60 ने असती तर 45 मीटरच्या आसपास उभी राहिली असती. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढतं.

आणि रोही काही लहान जनावर नाही. भरलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. पाय लांब, त्यामुळे बंपर पायांना लागतो आणि अख्खं धड बॉनेटवरून काचेवर येतं. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायला हवा, तो यासाठीच.

हिसका मारणं

जनावर दिसलं की हात आपोआप स्टिअरिंग फिरवतो. त्यात गाडी झाडावर जाते, नाल्यात उलटते किंवा समोरच्या ट्रकखाली शिरते. आपल्या लेनमध्ये सरळ राहून जोरात ब्रेक दाबा. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय काढू नका, दाबून धरा. दुचाकीवाल्यांना हा पर्याय फार कमी मिळतो. अंधार पडल्यावर जंगलपट्ट्यात त्यांनी 40 च्या वर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गेलं की रस्ता मोकळा समजणं

डुकरीण पुढे जाते आणि पिल्लं मागून रांगेत येतात. चितळं कळपाने ओलांडतात. पहिलं जनावर गेल्यावर लगेच वेग घेणारा दुसऱ्याला धडकतो. थांबा, दोन्ही कडा बघा, मग हळू निघा. हिवाळ्यात तूर-हरभरा उभा असला की डुकरं आणि रोही शेत आणि जंगल यांच्यात रात्रभर फिरत असतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी फिरतात.

अप्पर तसाच ठेवणं

रस्ता रिकामा असताना अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा लांब झोत, कामाचा, कारण दूरवर चमकणारे डोळे त्यात दिसतात. पण जनावर रस्त्यात उभं राहिलं की तोच झोत त्याला दिपवतो आणि ते जागचं हलत नाही. डिप्पर करा, वेग उतरवा, हॉर्न थोडा थोडा वाजवा.

भुयारी मार्ग आहेत म्हणून निर्धास्त होणं

राष्ट्रीय महामार्ग 44 वर मनसर ते खवासा या पेंचच्या पट्ट्यात जनावरांना खालून जाता यावं म्हणून 9 ठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग बांधले आहेत. कॅमेऱ्यांत तिथून वाघही जाताना टिपले गेले आहेत. फार मोलाचं काम आहे हे. पण अशी सोय सगळीकडे नाही. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका गाडीने तरुण वाघाला उडवलं आणि तो वाचला नाही. त्याची आठवण आली की मला अजूनही वाईट वाटतं.

धडकेनंतरची घाई

आधी धोक्याचे चारही दिवे लावा, गाडी कडेला घ्या, माणसं तपासा. कोणाला लागलं असेल तर 108 किंवा 112. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033.

जखमी जनावराजवळ जाऊ नका, पाणीही पाजू नका. पडलेलं रानडूक किंवा बिबट उठून अंगावर येतं. काच लावून गाडीतच बसा, वनविभागाच्या 1926 वर फोन करा आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा. गर्दी जमू देऊ नका, मोबाईलवर चित्रण करत टॉर्च मारू नका.

मेलेलं जनावर गाडीत टाकून नेणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 नुसार ते सरकारची मालमत्ता ठरतं आणि सापडल्यापासून 48 तासांत पोलिसांना किंवा वनविभागाला कळवावं लागतं. गाव ओळखीचं, कोणी बघत नाही, असं म्हणून काहीजण रानडूक उचलतात आणि अडकतात.

शेवटी गाडी. चालू होतेय म्हणून लगेच निघू नका. बॉनेटखाली बघा, रेडिएटर फुटला असेल तर जमिनीवर ओघळ दिसतो आणि तशीच गाडी रेटली तर इंजिन बसतं. नुकसानीचे आणि जागेचे फोटो तिथेच काढा. भरपाई फक्त सर्वसमावेशक विम्यात मिळते, थर्ड पार्टीत नाही. वनविभागाने पंचनामा केला असेल तर त्याची प्रत दाव्याला जोडायला मागून घ्या.