सव्वाशे सीसीच्या जुन्या मोटोक्रॉसमध्ये चाकाला चाक भिडवून शर्यत: गाडीची तयारी आणि पुढे निघायच्या जागा

सत्तरच्या दशकातल्या १०० ते १२५ सीसीच्या मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या उंचसखल मैदानात पळवायच्या गाड्यांची शर्यत सुरू असते तेव्हा पहिले पाच-सहा जण शेवटच्या फेरीपर्यंत एकमेकांच्या हँडलला चिकटून असतात. याचं कारण इंजिनात आहे. होंडाची सीआर १२५ एम एल्सिनोर ५६ बाय ५० मिमीची, १२३ सीसीची. यामाहा वायझेड १२५ किंवा सुझुकी टीएम १२५ घेतली तरी ताकद २० हॉर्सपॉवरच्या आसपासच. २५० सीसीवाला वळणात चुकला तर नुसती रेझ पिळून ती चूक भरून काढतो. सव्वाशेवर वळणात घालवलेला वेग परत मिळवायला अख्खी सरळ पट्टी खर्ची पडते. म्हणून या गाडीची सगळी तयारी आणि ती चालवण्याची सगळी कला एकाच गोष्टीसाठी आहे: आलेला वेग हातचा जाऊ द्यायचा नाही.

या वर्गाला मान मिळाला तो १९७४-७५ मध्ये. अमेरिकेची १२५ सीसीची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिली दोन्ही वर्षं मार्टी स्मिथने होंडावर जिंकली. १२५ची जागतिक स्पर्धा १९७५ची. बेल्जियमच्या गॅस्टन राहिएने सुझुकीवर ती सलग तीन वर्षं घेतली. आज याच गाड्या अमेरिकेत ‘अहर्मा’च्या, म्हणजे अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनच्या मैदानांवर आणि ब्रिटन-युरोपातल्या ट्विनशॉक (मागे दोन शॉकअपवाल्या जुन्या गाड्यांच्या) शर्यतींत धावतात. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला यात शिरायचं असेल, तर मोटोक्रॉसमधला तुलनेने स्वस्त मार्ग हाच.

विकत घेण्याआधी टेप काढा

अहर्माच्या जुन्या, म्हणजे व्हिंटेज वर्गात पुढच्या चाकाची हालचाल ७ इंच आणि मागच्याची ४ इंच, याहून जास्त चालत नाही. बाजारातल्या कितीतरी गाड्यांना नंतरच्या सालातला फोर्क घातलेला असतो किंवा मागच्या शॉकअपचं वरचं बोल्ट पुढे सरकवून हालचाल वाढवलेली असते. दिसायला गाडी १९७४ची, पण या वर्गातून बाद. फोर्कच्या नळीवर प्लॅस्टिकची टाय बांधायची, स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबायचा आणि टाय किती सरकली ते मोजायचं. मागे शॉकअपची स्प्रिंग उतरवून एक्सलचा प्रवास मोजा. शॉकअपच्या दांड्याचा प्रवास मोजू नका, तो नेहमी कमी भरतो.

गिअर कोणत्या पायाशी आहे तेही पाहा. त्या काळातल्या बुल्टाकोसारख्या युरोपीय गाड्यांचा गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असतो. जुन्या बुलेटवर पाय बसलेल्याला ते जमेल. बाकीच्यांनी सरावाशिवाय गर्दीत उतरू नये, कारण घाबरल्यावर पाय जुन्या सवयीनेच पडतो.

इंजिन: आधी हवा, मग जेट

आरएक्स १०० वर हात बसलेल्या मेकॅनिकला हे इंजिन परकं वाटत नाही. फरक एवढाच की १९७४च्या वायझेडमध्ये आरएक्ससारखा रीड व्हॉल्व्ह (इनटेकमधली एकाच दिशेने उघडणारी पाती) आहे, तर सीआर १२५ एममध्ये तो नाही. तिथे पिस्टनचा खालचा घेरच इनटेकचं दार उघडतो आणि बंद करतो. त्यामुळे हा घेर झिजला की कॉम्प्रेशन ठीक असूनही गाडी खालच्या आरपीएमला थुंकते आणि वळणातून उठत नाही. फक्त रिंग बदलून हा दोष जात नाही, पिस्टनच बदलावा लागतो.

जेटला, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाला, हात लावण्याआधी प्रेशर टेस्ट करा. हे टाळणारेच शर्यतीत इंजिन जाम करून बसतात. एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने बंद करायचं, इनटेकच्या रबरात पंपाची नळी घट्ट बसवायची आणि ६ पीएसआय हवा भरायची. यापेक्षा जास्त दाब दिला तर ऑइल सीलची कड उलटू शकते. सहा मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. मिनिटाला १ पीएसआयहून जास्त उतरत असेल तर गळती शोधायची. साबणाचं पाणी आधी इनटेक रबर, मग सिलिंडरच्या खालचं आणि हेडचं पॅकिंग, आणि शेवटी मॅग्नेटो काढून मागचं क्रँक सील, या क्रमाने लावा. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळतं: पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला राहतो आणि गिअरबॉक्समधलं तेल कमी होत जातं. पन्नास वर्षांच्या इंजिनात दोन्ही सील न विचारता बदलून टाकलेली बरी.

तेलाबाबत जुन्या मॅन्युअलमध्ये बहुतेक २०:१ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ५० मिली. ते त्या वेळच्या तेलासाठी होतं. आजच्या चांगल्या प्रीमिक्स टू-टी ऑइलला ३२:१ पुरतं: लिटरला ३१ मिली, ५ लिटरला १५६ मिली. मोजपात्रानेच मोजा, झाकणाच्या अंदाजाने नको. तेल वाढवलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं आणि मिश्रण लीन होतं, त्यामुळे प्रमाण बदललं तर प्लग पुन्हा बघावाच लागतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही मिश्रण लीन करतं, पाणी ओढतं आणि जुनी रबरं व फायबरच्या टाक्या खराब करतं. शक्य असेल तिथे इथेनॉलविरहित पेट्रोल घ्या. नसेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावून सुरुवात करा आणि घरी आल्यावर कार्ब्युरेटर रिकामा करा.

जेट बसवताना आधी जड (पेट्रोल जास्त), मग हलकं. इंजिन गरम करा, नवा प्लग लावा, लांब पट्टीवर वरच्या गिअरमध्ये रेझ पूर्ण उघडून पळवा आणि तसंच असताना क्लच दाबून इग्निशन बंद करा. हळूहळू थांबलात तर प्लगवर मेन जेटऐवजी पायलट जेटचा रंग दिसतो. पोर्सेलिनच्या मुळाशी फिकट तपकिरी कडं हवं. पांढरा आणि चकचकीत दिसला तर जेट मोठा करा. काळा असेल आणि पूर्ण रेझवर गाडी फोर-स्ट्रोकसारखी गुरगुरत असेल तर एक नंबर लहान. पाव रेझपर्यंत पायलट, पाव ते पाऊण सुई, त्यावर मेन जेट, हे लक्षात ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदला. गरम दिवशी किंवा उंच ठिकाणी हवा विरळ असते, तिथे मेन जेट लहान लागतो. सकाळच्या गारव्यात बरोबर बसलेला जेट दुपारी थोडा जड वाटेल. ते चालतं, उलटं चालत नाही.

चाकं, चेन, ब्रेक

गिअरिंगचा हिशोब सोपा आहे. पुढे १३ आणि मागे ५२ दात म्हणजे ४ पट. पुढे १४ केले तर तेच प्रमाण राखायला मागे ५६ लागतात. थोडक्यात, पुढचा एक दात मागच्या चार दातांएवढा. बारीक बदल मागूनच करा. ज्या वळणातून बाहेर पडताना सगळ्यात जास्त जण पुढे निघतात, त्या वळणात इंजिन पॉवरबँडमध्ये, म्हणजे खरा जोर देणाऱ्या आरपीएममध्ये, राहील असा स्प्रॉकेट निवडायचा. सर्वात लांब पट्टीवरचा टॉप स्पीड दुय्यम.

मागच्या ४ इंचांपैकी साधारण तिसरा हिस्सा, ३० ते ३५ मिमी, तुम्ही पूर्ण पोशाखात बसल्यावर दबला पाहिजे. दोन्ही शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) सारखा ठेवा. फोर्कमध्येही दोन्हीकडे तेलाची पातळी वरून मोजून सारखी करा, नुसतं मापून ओतल्याने ती सारखी येत नाही. स्विंगआर्मचे बुश झिजले असतील तर खडबडीत पट्टीवर गाडी मागून डोलते आणि शेजारच्याच्या अंगावर जाते. मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखड जाणवली तर बुश बदला. टायरमध्ये १२ ते १४ पीएसआय आणि मागे रिम लॉक (टायर रिमला धरून ठेवणारा खिळा) हवाच, नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो.

ड्रम ब्रेकसाठी शूवर खडू फासा, चाक फिरवून ब्रेक लावा आणि खडू कुठे पुसला जातो ते बघा. फक्त टोकाला पुसला जात असेल तर ब्रेक अर्धाच लागतोय. उंच भाग सँडपेपरने उतरवा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरची दांडी आणि वायर यांच्यात काटकोन झाला पाहिजे, दांडी त्यापलीकडे गेली की जोर वाया जातो. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ हवेने उडवू नका, पाण्याने धुवा.

मैदानात

सहा गिअरच्या गाडीवर कडक जमिनीत सुटताना दुसरा गिअर बरा, मऊ मातीत पहिला. अंग टाकीवर, रेझ स्थिर, आणि क्लच एकदम न सोडता पहिले दहा-पंधरा फूट निसटता ठेवायचा. आरपीएम पडला की सव्वाशे मरते. वळणातही तसंच: इंजिन खाली पडतंय असं वाटलं की एका बोटाने क्लचला चिमटा द्या, इंजिन पुन्हा पॉवरबँडमध्ये चढतं.

पुढच्याला गाठलं की दोन फेऱ्या त्याच्या मागे काढा. तो कुठे लवकर ब्रेक लावतो, कुठल्या वळणात आत चिकटून राहतो, ते पाहा. आत चिकटणारा वळणातून हळू बाहेर पडतो. तिथे तुम्ही बाहेरून मोठा घेर घ्या, वेग राखा आणि पुढच्या पट्टीवर त्याच्या शेजारी या. पुढे निघणं खरं घडतं ते त्यानंतरच्या वळणात, कारण आता आतली बाजू तुमची असते. ब्रेकवर आत घुसून जाणं सगळ्यांना आवडतं, पण ड्रम ब्रेक तितका भरवशाचा नाही. पाण्याच्या डबक्यातून गेल्यावर तर पहिल्या दाबाला तो लागतच नाही, म्हणून डबक्यानंतर ब्रेक हलकेच घासून वाळवून घ्या.

तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला ओलांडून शेजारी आलेलं असेल तर जबाबदारी तुमची. तो तुम्हाला बघू शकत नाही आणि तो सरकला तर आधी तुमचंच चाक जातं. एकतर पूर्ण शेजारी या, त्याला तुम्ही दिसाल इतके, नाहीतर मागे राहा. उड्यांवर शेजारी राहणं टाळा: ४ इंचांच्या हालचालीवर सपाट जमिनीत उतरलं की गाडी कुठेही फेकली जाते. उतारावर, मागचं चाक आधी टेकवून, रेझ किंचित उघडी ठेवून उतरा.

लांब उतारावर रेझ पूर्ण बंद करून उतरू नका. इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं; रेझ बंद आणि आरपीएम जास्त म्हणजे पिस्टन कोरडा. मधून मधून छोटी फुंकर द्या. चिखलाच्या दिवशी दोन मोटोंच्या (एका दिवसातल्या दोन वेगळ्या शर्यतींच्या) मधे सिलिंडरच्या फिन्समधला चिखल लाकडी काडीने खरवडा, कारण या इंजिनाला थंड करायला हवेशिवाय काहीच नाही.

पिवळा झेंडा फडकत असेल तिथे उडी नाही आणि पुढे निघणंही नाही. निळा झेंडा, म्हणजे मागून वेगवान गाडी येत असल्याची खूण, दिसला तर आपली रेषा धरून ठेवा, दचकून बाजूला होऊ नका. मागून येणाऱ्याने तुमच्या रेषेचाच अंदाज बांधलेला असतो. आणि दोन्ही मोटोंचे निकाल एकत्र धरले जातात, त्यामुळे पहिल्या मोटोत तिसऱ्या जागेसाठी क्लच जाळण्यापेक्षा चौथी जागा घेऊन गाडी शाबूत आणलेली बरी. मधल्या वेळात चेनचा ताण, मागच्या चाकाचे स्पोक आणि एक्सलचा नट, एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात.