अरबी सुलेखनाचा लोगो करताय? या चुका टाळा

"पण ताई, फॉन्ट अरबीच आहे की!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की फाइल उघडायच्या आधीच आत काय असणार ते कळतं. गेल्या महिन्यात पुण्यातल्याच एका मुलानं लोगो पाठवला. दुबईतलं अत्तराचं दुकान, नावात 'शम्स' म्हणजे सूर्य. सोनेरी रंग छान, कागदाचा पोतही छान. पण शीन, मीम, सीन ही तिन्ही अक्षरं सुटी पडलेली आणि डावीकडून उजवीकडे मांडलेली. अरबी माणूस उजवीकडून वाचणार, म्हणजे त्याला दिसणार सीन, मीम, शीन. या शब्दाला काही अर्थच नाही.

शारजातल्या एका साइनबोर्डच्या वर्कशॉपमध्ये मी सात वर्षं काढली. आता पुण्यात बसून आखातातल्या क्लायंटची कामं करते. चुका मात्र तिथे होत्या त्याच इथे दिसतात, म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

सुटी आणि उलटी अक्षरं

अरबीत २८ अक्षरं. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटं असताना अक्षराचं रूप बदलतं. अलिफ, दाल, झाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरं मागच्याला हात देतात, पुढच्याला देत नाहीत. बाकीची दोन्हीकडे जोडली जातात. ही जोडणी सॉफ्टवेअरला करता आली नाही की अक्षरं सुटी पडतात. इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाइप करताना र्‍हस्व वेलांटी भलत्याच अक्षराशेजारी जाऊन बसते ना, तोच हा आजार आणि औषधही तेच. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर निवडा.

एवढं करूनही माझा सॉफ्टवेअरवर विश्वास नाही. क्लायंटकडून मी नाव दोनदा मागते. एकदा मोबाइलवर टाइप केलेलं, आणि एकदा ट्रेड लायसन्सच्या फोटोत, कारण त्यावर अरबी नाव छापलेलं असतं. मग उजवीकडून बोट ठेवून एकेक अक्षर जुळवते. ते जुळलं की आउटलाइन करते, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून टाकते, आणि मगच फाइल प्रेसला जाते. जिवंत टेक्स्ट असलेली अरबी फाइल मी कोणालाच पाठवत नाही.

नुक्ते म्हणजे नक्षी नव्हे

ही चूक मी स्वतः केली आहे. वर्कशॉपमधलं माझं तिसरं वर्ष होतं. काम पडद्यांच्या दुकानाचं, नावाचा अर्थ 'पडद्यांचं घर'. अरबीत घराला 'बैत' म्हणतात: बा, या, ता. आमच्याकडे येणाऱ्या सीरियन उस्तादांनी ते दिवानी शैलीत सुरेख लिहून दिलं होतं. त्यावरून आतून दिवे लागणारी अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायची फाइल मला करायची होती.

मधल्या 'या'ला खाली दोन नुक्ते, म्हणजे ठिपके, असतात. ते इतके लहान होते की आत एलईडी मावेना. मी दोन्ही मिळून एक मोठा नुक्ता केला. खाली इंग्रजी ओळ दाटीवाटीनं बसलेली, तिला तो अडायला लागला, म्हणून उचलून वर ठेवला. दिसायला उलट जास्तच नेटकं दिसलं.

पण शब्दाच्या मध्ये असताना 'या' आणि 'नून' यांचा दातरा सारखाच असतो. फरक फक्त नुक्त्यांचा. खाली दोन असतील तर या, वर एक असेल तर नून. म्हणजे 'बैत'चं 'बिंत' झालं. बिंत म्हणजे मुलगी. रात्री चार मीटरची पाटी चढली आणि सकाळी मालकाच्या पुतण्यानं फोटो पाठवला. 'पडद्यांची मुलगी' भर रस्त्यावर झळकत होती.

पाटी आमच्या खर्चानं उतरली. उस्ताद आले, रागावले नाहीत. समोर कागद ठेवला, कलम हातात दिली आणि दुपारभर फक्त नुक्ते काढायला लावले. कलम म्हणजे आपल्या बोरूसारखीच, टोक तिरकं कापलेलं. ते टेकवून कलमेच्या रुंदीइतकंच ओढलं की तिरपा चौकोन उमटतो, तो नुक्ता. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचे वजीर होऊन गेले. अक्षरांची प्रमाणं त्यांनी याच नुक्त्यानं बांधून दिली. अलिफची उंची नुक्त्यांत मोजायची, अलिफ हा व्यास धरून वर्तुळ काढायचं, आणि बाकीच्या अक्षरांची वळणं त्या वर्तुळाशी ताडून बघायची. म्हणजे नुक्ता ही त्या शैलीची फूटपट्टी आहे. तुम्ही एलिप्स टूलनं गोल ठिपके टाकता आणि जागेप्रमाणे लहानमोठे करता, तेव्हा ती फूटपट्टीच मोडून ठेवता. रेषा एका कलमेची आणि नुक्ते दुसऱ्याच कलमेचे हे अरबी डोळ्याला लगेच खटकतं.

तेव्हापासून नुक्ते माझ्याकडे वेगळ्या लेयरवर, लाल रंगात असतात. बाजूला कागदावर प्रत्येक अक्षराचा हिशेब: बा, खाली एक. या, खाली दोन. ता, वर दोन. फाइल पाठवायच्या आधी मोठ्यानं मोजते. शेवटी नाव माहीत नसलेल्या कोणा अरबी वाचणाऱ्याला दाखवते आणि फक्त "वाचा" म्हणते. "कसं वाटतंय?" असं विचारलं की माणसं भिडेखातर छान म्हणतात, वाचत नाहीत.

उर्दू येणाऱ्याकडून अरबी लिहून घेणं

हे आपल्याकडे फार चालतं. भेंडीबाजारात किंवा मालेगावात ओळखीचे कातिब, म्हणजे हातानं सुंदर अक्षर लिहून देणारे, असतात, त्यांच्याकडून नाव लिहून आणायचं आणि स्कॅन करायचं. त्यांचा हात उत्तमच असतो, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण उर्दू लिहिली जाते नस्तालीकमध्ये, तिरकी उतरत येणारी. आखातातल्या लोकांच्या डोळ्यांना सवय नस्ख, सुलुस आणि रुक़ा या शैलींची. शिवाय अक्षरांतही फरक आहे. उर्दूत शब्दाच्या शेवटच्या 'ये'ला नुक्ते नसतात. अरबीत नुक्ते दिले तर 'अली' हे नाव, आणि काढले तर 'अला' म्हणजे 'वर'. इजिप्तमध्ये हे नुक्ते सोडून देतात, आखातात सोडून चालत नाही. काफ वेगळा दिसतो. अंकांमध्येही चार, पाच, सहा वेगळे पडतात आणि फोन नंबरात घोळ होतो. कातिबांना स्पष्ट सांगा की मजकूर अरबी आहे, शैली सुलुस हवी, आणि समोर छापील नमुना ठेवा.

आपली नावं अरबीत नेताना

अरबीत 'प' नाही, म्हणून पेप्सीची पाटी तिथे 'बीब्सी' असते आणि आपला पाटील 'बातील' होतो. ते बरोबरच आहे, फारसीतला तीन नुक्त्यांचा 'पे' आणून सुधारू नका. 'ग'ची तर आणखी गंमत आहे. गुगल हे नाव इजिप्तमध्ये जीमनं लिहितात, इतरत्र ग़ैननं, आणि सौदीत बरेच जण क़ाफनं. दुकान कुठल्या देशात आहे ते विचारल्याशिवाय मी स्पेलिंग ठरवत नाही. मशीन ट्रान्सलेशनमधून नाव उचलणाऱ्यांना मी कामच देत नाही.

पवित्र शब्द कुठे छापले जाणार?

१९९७ साली नायकीनं बुटावर 'एअर' हा शब्द ज्वाळांसारखा लिहिला. तो अरबीतल्या 'अल्लाह'सारखा दिसतो म्हणून आक्षेप आला आणि कंपनीला हजारो जोड परत घ्यावे लागले. तिथे तर अरबी लिहायचा हेतूही नव्हता. तुम्ही जाणूनबुजून अरबी लिहिताय, तर आधी विचारा की हा लोगो टिश्यूवर, कॅरीबॅगवर, पायपुसण्यावर जाणार आहे का. नावात ईश्वराचं नाव असेल तर पॅकिंगसाठी ते वगळून वेगळं चिन्ह करायचं, हे मी कोटेशनमध्येच लिहिते.

बाकीच्या

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नका. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते, अरबीत जोड तुटतो. शब्द लांबवायचा असेल तर कशीदा, म्हणजे दोन अक्षरांमधली जोडरेषा, ताणायची असते. अख्खा फॉन्ट आडवा ओढायचा नसतो. वरच्या सहा अक्षरांनंतर जोडच नाही, त्यामुळे तिथे कशीदाही नाही.

स्कॅनवरून आपोआप रेषा काढणारं ऑटोट्रेस वापरू नका. स्कॅन ६०० डीपीआयला घ्या आणि पेन टूलनं हातानं फिरवा. वेळ लागतो, लागू दे.

एआयनं बनवलेलं 'अरबी सुलेखन' मला दाखवायलाही आणू नका. त्यातली निम्मी अक्षरं कुठल्याच वर्णमालेत नसतात.

बिर्याणीच्या पाट्यांवर अरबी वळणाचं देवनागरी असतं, ती वेगळी गोष्ट आहे. त्याला अरबी सुलेखन म्हणू नका, तसे पैसेही घेऊ नका.

आठवड्यात सुलुस शिकवा म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. उस्तादांकडे मी पहिले दोन आठवडे फक्त 'बा' लिहीत होते. घाईच असेल तर चौकोनी कुफी शैलीपासून सुरुवात करा. आलेखाच्या कागदावर होते, रेषेची जाडी आणि मधली रिकामी जागा सारखी ठेवली की तोल सांभाळला जातो. आणि सोलापूरच्या बाजूला राहत असाल तर विजापूरला जाऊन इब्राहिम रौझा या आदिलशाही मकबऱ्याच्या खिडक्या बघा. दगडाच्या जाळीत अरबी अक्षरं कोरलेली आहेत आणि उजेड अक्षरांमधल्या फटींतून आत येतो. रिकामी जागा किती ठेवायची हे मला तिथे उभं राहून कळलं.

'शम्स'वाल्या मुलाची दुसरी फाइल काल आली. अक्षरं जोडलेली, दिशा बरोबर, सीनचा शेवटचा कटोरा भरदार. शीनवर तीन नुक्ते हवेत, त्यानं दोनच दिले होते. लाल गोल करून परत पाठवली आहे.