एलियन आणि गेमचा नियम एकत्रच घडवा: इंटरॅक्टिव्ह साय-फाय गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी

इंटरॅक्टिव्ह गोष्टीत वाचणारा मधेमधे थांबून काय करायचं ते ठरवतो आणि गोष्ट त्याप्रमाणे पुढे सरकते, एवढं बहुतेकांना माहिती असतं. पण त्यात एलियन आणायचा म्हटलं की लोक आधी चित्र काढायला बसतात. चार हात, निळी कातडी, कपाळावर तिसरा डोळा, मग ग्रहाचं नाव, मग तिथल्या राजाचं नाव. आणि प्रत्यक्ष लिहायला बसलं की लक्षात येतं यातलं काहीच कामाला येत नाहीये, कारण वाचणाऱ्याला मिळणारे पर्याय 'हल्ला करा', 'बोला', 'पळा' हेच आहेत आणि समोर एलियन असो की नाक्यावरचा गुंड, काही फरक पडत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. एलियनच्या शरीरातली जी गोष्ट वाचणाऱ्याचा निर्णय बदलत नाही ती काढून टाका, आणि जी बदलते तिचाच गेमचा नियम करा.

सुरुवात कुठून करायची, तर गरजेपासून. आणि मुंबईत राहणाऱ्याला यासाठी लांब जायला नको. ओहोटीला शिवडीच्या जेट्टीवर नाहीतर भांडुप पंपिंगच्या बाजूला खाडीकाठी जाऊन थोडा वेळ उभे राहा. चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतील. निवटी मासा आहे पण पाण्याबाहेरही मजेत असते, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ऑक्सिजन घेते, कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवते. अंग ओलं आहे तोवर ती जमिनीवर, सुकायला लागली की परत पाण्यात किंवा बिळात. शेजारीच तिवरं असतात. चिखलात हवा नसते म्हणून त्यांची मुळं उलटी वर येऊन श्वास घेतात. दोघांची अडचण सारखीच आहे, सहा-सव्वासहा तासांनी त्यांचं जग पूर्ण बदलतं, कारण आपल्याकडे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात आणि मधे एक ओहोटी येते.

हे बघून झालं की वहीत चार प्रश्न लिहा: याला जगायला काय लागतं, ते कधी संपतं, संपायला लागलं की हा काय करतो, आणि स्वतःच्या जातभाईंना काही सांगायचं असेल तर कसं सांगतो. दिसतो कसा हे सगळ्यात शेवटी, ते बऱ्याचदा या चार उत्तरांतून आपोआपच ठरतं.

आता एक प्रजाती पूर्ण करून दाखवतो म्हणजे पद्धत कळेल. तिला 'उमळ' म्हणू. उमळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहतं, त्याला ओल लागते, कोरड्यात फार वेळ टिकत नाही. त्याला आवाज नाही, ते वासाने बोलतं. ही कल्पना हवेतली नाहीये, आपल्या ओट्यावरच्या मुंग्या हेच करतात, वाटेवर फेरोमोन म्हणजे वासाचं रसायन सोडतात, ते हळूहळू उडून जातं, आणि साखर संपली की परतणाऱ्या मुंग्या नवीन वास टाकत नाहीत त्यामुळे ती वाट आपोआप पुसली जाते.

आता इथे थांबून नीट विचार करायचा, कारण खरी मजा इथेच आहे. वासाने बोलणाऱ्याचं बोलणं जागेवर राहतं. बोलणारा निघून गेला तरी राहतं. मागून आलेला ते वाचू शकतो, त्यावर स्वतःचं काही टाकू शकतो. बोललेलं परत घेता येत नाही. आणि भरती आली की खालचं सगळं धुऊन जातं. म्हणजे उमळांच्या जगात खालच्या दगडावर दिलेला शब्द हा पुढच्या भरतीपुरताच, तो पाळला नाही तर कोणी खोटारडं ठरत नाही. कायमचा शब्द द्यायचा असेल तर पाणी पोचत नाही अशा उंच दगडावर चढून द्यावा लागतो, आणि वर तर कोरडं आहे, तिथे जाणं म्हणजे अंगातली ओल खर्च करणं. वचन जितकं पक्कं तितकं ते द्यायला शरीराला महाग. कायदा, संस्कृती, राजकारण सगळं एका कातडीतून निघालं, वेगळा इतिहास लिहावा लागला नाही.

वाचणारा आता बिघडलेल्या यानाचा चालक आहे असं धरा. यान चिखलात रुतलंय आणि ते ओढायला त्याला उमळांची मदत हवीय. एक पान असं दिसेल, दुहेरी कंसात वाचणाऱ्याचे पर्याय आहेत:

'पाणी घोट्यापर्यंत आलंय. दगडावर जुना वास आहे, ओल्या लोखंडाचा. त्याच्यावर नंतर कुणीतरी आंबट काहीतरी टाकलंय. म्हातारं उमळ तुमच्याकडे वळतं आणि थांबतं.'

[[आंबट वासाच्या जवळ जा]]
[[वरच्या दगडावर चढायची खूण करा]]
[[पाणी चढेपर्यंत थांबा]]

हे तिन्ही पर्याय दुसऱ्या कुठल्या प्रजातीच्या गोष्टीत चालणार नाहीत. पहिल्यात तुम्ही दुसऱ्याचं बोलणं वाचताय. दुसऱ्यात पक्कं वचन मागताय आणि त्याची किंमत समोरच्याच्या अंगातून जाणार आहे. तिसऱ्यात काहीच करत नाही असं वाटतं पण दगड पुसला जाणार आहे, म्हणजे आधी कोणी तुमच्याविरुद्ध काही लिहून ठेवलं असेल तर ते जाईल आणि तुमच्या बाजूचं असेल तर तेही जाईल. तुमच्या प्रत्येक पानाला हीच कसोटी लावा, एलियन काढून तिथे माणूस ठेवला आणि पर्याय तसेच राहिले तर ते पान परत लिहा.

आता नियमाचं गणित. आपल्याकडे अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं कारण सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात आणि दोघांची ओढ एकत्र होते. उमळांच्या ग्रहाला दोन चंद्र द्या. वाचणाऱ्याने नवीन पान उघडलं की एक चाल झाली असं धरा. एकाची भरती दर 4 चालींनी, दुसऱ्याची दर 6 चालींनी. मग दर 12 व्या चालीला दोन्ही एकदम येतात, ते उधाण, आणि उधाणाला वरचा दगडही धुतला जातो. म्हणजे 'कायमचं' वचनसुद्धा 12 चालींचंच. हे वाचणाऱ्याला कुठेही सांगायचं नाही, त्याला शोधू द्यायचं. ज्याला ते सापडेल तो उधाणाच्या एक चाल आधी वचन मागणार नाही, लगेच नंतर मागेल, आणि तेव्हा तो खऱ्या अर्थाने त्या ग्रहावरच्या प्राण्यासारखा विचार करत असेल.

हे बांधायला ट्वाइन हे इंटरॅक्टिव्ह गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, 2009 साली क्रिस क्लिमसने आणलं, आणि देवनागरीत लिहायला काही अडचण येत नाही. (इंक नावाची स्क्रिप्ट भाषापण चांगली आहे, इंकल या गेम कंपनीने ती 2016 मध्ये ओपन सोर्स केली, पण ती थोडी प्रोग्रॅमिंगची सवय असलेल्याला जास्त आवडेल.) ट्वाइनच्या हार्लो फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे गोष्ट चालवणारा साचा) एका पॅसेजला, म्हणजे पानाला, इंग्रजीत 'हेडर' असा टॅग दिला की त्यातलं सगळं प्रत्येक पानावर आपोआप चालतं, तिथे चालींचा आकडा एकने वाढवायचा, 4 ने भागून बाकी शून्य आली की पहिली भरती, 6 ने भागून शून्य आली की दुसरी. बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह वापरतात. मग प्रत्येक जागेसाठी एक व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा कप्पा, तिथे सध्या कोणता वास आहे ते साठवायला, भरती आली की खालच्या जागांचे रिकामे करायचे. बस, एवढंच इंजिन आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हार्लोमध्ये पानाच्या बाजूला मागे जायचा बाण असतो आणि तो दाबला की व्हेरिएबलसुद्धा मागे जातात. बोललेलं परत घेता येत नाही हा ज्या गोष्टीचा कणा आहे तिच्यात असा बाण ठेवला तर सगळी प्रजातीच खोटी पडते. सीएसएसमधून, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमधून, तो बाणाचा साइडबार लपवून टाका. आणि ब्राउझरमधल्या ट्वाइनवर काम करत असाल तर रोज फाइल डाउनलोड करून ठेवा, कारण गोष्ट ब्राउझरच्याच साठ्यात असते, ब्राउझरचा डेटा साफ केला की तीपण गेली.

नवीन लिहिणारे फांद्यांमध्ये फार अडकतात. प्रत्येक पानावर दोन पर्याय आणि प्रत्येकाची वेगळी वाट असं धरलं तर 10 व्या निर्णयाला 1024 शेवट होतात, कोणी लिहूच शकत नाही. म्हणून वाटा थोड्या अंतरावर परत एकत्र आणायच्या आणि फरक व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. पान तेच, दगडावरचा वास वेगळा, त्यामुळे म्हाताऱ्या उमळाचं वागणं वेगळं. व्हेरिएबल तीन-चारच ठेवा. 'विश्वास: 65' असा आकडा दाखवायचा मोह आवरा, कारण तो दिसला की लोक गोड बोलून आकडा वाढवत बसतात आणि समोर कोण आहे हे बघणं सोडून देतात. पाण्याचं पण तसंच, आकड्याऐवजी घोटा, पोटरी, गुडघा, कंबर असं लिहा, वाचणारा आपोआप घाई करेल.

आकड्यांपेक्षा चांगली चीज म्हणजे वाचणाऱ्याचं ज्ञान. सुरुवातीला त्याला फक्त 'ओल्या लोखंडाचा वास' एवढंच लिहून दाखवा. तीन वेगवेगळ्या प्रसंगांत तो वास धोक्याच्या वेळी आला की त्याला अर्थ लागतो. गेमने 'तुम्ही नवीन शब्द शिकलात' अशी पाटी लावायची गरज नाही. नंतर एका पानावर तोच वास टाका आणि काही न बोलता पर्याय द्या, ज्याने लक्ष दिलंय तो वाचेल. बाकीच्यांवर अन्याय नको म्हणून त्याच पानावर पाणी किंवा उमळाची हालचाल यातून अजून एक इशारा द्या. काहीही सूचना न देता अचानक मारणं हा आळस आहे, त्याने वाचणारा पुढे खेळत नाही.

सगळी प्रजाती एकाच स्वभावाची करू नका. 'लढवय्या जमात', 'शहाणी जमात' हे फारच सोपं पडतं. शरीराची अडचण सगळ्यांची एक, पण त्यावरची मतं वेगळी हवीत. एक म्हातारं उमळ म्हणतं भरती पुसते तेच बरं, जुनी भांडणं राहत नाहीत. एक तरुण उमळ दगडाला खोल खाचा पाडतंय, पाणी आत शिरू नये म्हणून, त्याला लिहिलेलं टिकवायचंय. तिसरं उमळ उधाणाच्या आधी लोकांना मुद्दाम वर चढवून वचनं घेतं. तुमचा वाचणारा या तिघांच्या मधे सापडला की गोष्ट चालायला लागते, वेगळा खलनायक लागत नाही.

दुसऱ्या प्रजातींसाठी कच्चा माल भरपूर आहे. ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी साधारण दोन तृतीयांश त्याच्या बाहूंमध्ये असतात, मग असा गेम करा की पर्याय तुम्ही निवडता पण एखादा हात स्वतःचं काहीतरी करतो आणि तुम्हाला हातांची मर्जी सांभाळावी लागते. ट्रॅपिस्ट-1 या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह आहेत असं 2017 मध्ये जाहीर झालं, ते ताऱ्याच्या इतके जवळ आहेत की त्यांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे रात्र हा वेळ नसून जागा आहे. उद्या भेटू हे तिथलं कोणी कसं सांगेल, यावर एक आख्खी गोष्ट उभी राहते.

मराठीत लिहिताना क्रियापदांकडे लक्ष द्या. वाचणारा मुलगा आहे की मुलगी हे तुम्हाला माहीत नसतं, 'तू दार उघडतोस' लिहिलं की अर्धे वाचक बाहेर. 'तुम्ही दार उघडता', 'तुम्ही घसरलात' हे दोघांना चालतं. फक्त 'तुम्ही एकटे आहात' सारखी विशेषणं टाळा, त्याऐवजी 'आसपास कोणी नाही' लिहा. एलियनसाठी नपुंसकलिंग सोयीचं पडतं, म्हणूनच मी वर सगळीकडे 'ते उमळ' म्हटलंय.

आणि लोक हे फोनवर वाचणार, त्यातले कितीतरी लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून. पान 80 ते 100 शब्दांत संपवा, पर्याय अंगठ्याला पोचतील असे खाली ठेवा, तीनपेक्षा जास्त नको. ट्वाइन सगळी गोष्ट एका एचटीएमएल फाइलमध्ये देतं, चित्रं-आवाज बाहेरून ओढले नसतील तर नेट नसतानाही चालते, त्यामुळे मित्रांना सरळ पाठवता येते.

पाठवल्यावर 'आवडली का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेजारी बसा, काही बोलू नका, आणि ते कुठे थांबतात ते बघा. संपल्यावर एवढंच विचारा की उमळांशी वागायचे नियम मला सांग. त्यांनी भरती आणि वरचा दगड सांगितला पण उधाण सुटलं, तर खाचा पाडणाऱ्या उमळाच्या तोंडी, म्हणजे वासात, दोन चंद्रांचा उल्लेख अजून एकदा आणा आणि पुढच्या वेळी नवीन माणसाला खेळायला द्या, आधीच्याला नको, त्याला आता उत्तर माहितीये.