तोंडाला वास येतोय? लवंग चघळायच्या आधी जरा जीभ बघा

मी सहा महिने शर्टाच्या खिशात लवंगा घेऊन फिरलोय. ऑफिसात कोणाशी जवळून बोलायचं असलं की एक लवंग दाढेखाली, मीटिंग असली की दोन, आणि घरी बायकोने बोलता बोलता तोंड फिरवलं की वेलची. पुदिन्याच्या गोळ्या झाल्या, माउथवॉश झाला, सकाळी दोनदा ब्रश झाला, तासाभराने परत तेच. शेवटी डेंटिस्टकडे गेलो ते वेगळ्याच कारणाने, जबडा दुखायला लागला म्हणून, आणि तिने तो छोटा आरसा आत घालून दोन मिनिटांत सांगितलं की खालच्या अक्कलदाढेवर हिरडीचा पडदा आलाय आणि त्याच्याखाली अन्न अडकून सडतंय. म्हणजे सहा महिने मी उकिरड्यावर लवंगेची धुरी देत बसलो होतो.

म्हणून घरगुती उपाय सगळे सांगतो, पण आधी वास येतोय कुठून ते शोधा.

हाताचा द्रोण करून त्यात फू करून बघतात ना लोक, त्याने काही कळत नाही कारण आपल्या नाकाला आपला वास सवयीचा झालेला असतो. त्यापेक्षा स्टीलचा चमचा घ्या, उलटा करा, आरशासमोर जीभ बाहेर काढा आणि जितकं मागे जाता येईल तिथून हळूच पुढे ओढा. उमासा येईल, येऊ दे. चमच्यावर पिवळट पांढुरका चिकट थर येतो, तो दहा-पंधरा सेकंद तसाच राहू द्या आणि मग वास घ्या. डोकं मागे गेलं तर समजा जीभच कारण. मग फ्लॉसचा दोरा घ्या आणि मागच्या दाढांच्या फटीतून एकेक करून घाला, प्रत्येक वेळी हुंगा. एकाच फटीतला दोरा घाण वास देत असेल तर तिथे कीड आहे, नाहीतर कॅप लूज झालीय, नाहीतर हिरडीत पू आहे, आणि तिथे कुठलाच काढा पोचणार नाही. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे घरातल्या कोणाला तरी सरळ विचारणं. मी विचारलं तर बायको म्हणाली, "विचारलंस एकदाचं!"

आता हे होतं का ते थोडक्यात. जिभेच्या मागच्या खडबडीत भागात हवा न लागणारे जंतू राहतात, ते उरलेलं अन्न आणि तोंडातल्या मेलेल्या पेशी कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात, सडक्या अंड्याला येतो तोच वास. लाळ हे सगळं धुऊन नेत असते. झोपेत लाळ कमी होते म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जो तोंड उघडं टाकून झोपतो, दिवसभर एसीत बसून चार चहा आणि एक ग्लास पाणी पितो, किंवा ज्याला अ‍ॅलर्जीच्या, बीपीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, त्याला हा वास दिवसभर चिकटतो. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणाऱ्यांना हा अनुभव असेलच. चावणं नाही म्हणून लाळ नाही, वर शरीर चरबी जाळायला लागलं की श्वासाला एक वेगळाच वास येतो, तो ब्रशने जात नाही, खाल्लं की जातो.

लसणाचं पण वेगळं आहे. ठेचा खाल्ल्यावर लसणातला एक गंधकाचा पदार्थ रक्तात जातो आणि फुफ्फुसातून श्वासाबरोबर बाहेर पडत राहतो, म्हणून कितीही दात घासले तरी उपयोग नाही. त्याच जेवणात दही घ्या, किंवा लगेच कच्चं सफरचंद, पुदिन्याची पानं चावून खा, बराच फरक पडतो.

आणि ते "पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो" हे आपल्याकडे घराघरात सांगतात, पण दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातलाच असतो. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, पोटातली हवा काय सारखी वर येत नाही. अ‍ॅसिडिटीने आंबट पाणी वर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, बाकीच्यांनी रोज रात्री चूर्ण घेऊन तोंड सुधारायची वाट बघू नये.

तर करायचं काय. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, सकाळचा एक वेळ चालेल पण रात्रीचा नाही. जीभ टंग क्लीनरने घासायची, तांब्याचा असो की स्टीलचा, मागून पुढे, चार-पाच वेळा, दर वेळी धुऊन. जोर लावायचा नाही, रक्त येईपर्यंत खरवडणारे लोक मी बघितलेत. फक्त एवढ्यानेच बऱ्याच जणांचं काम आठवड्याभरात होतं.

मग येतात आपल्या डब्यातल्या गोष्टी. माझ्या मते पहिला नंबर त्रिफळ्याचा. हिरडा, बेहडा, आवळा, तिन्ही तुरट. एक चमचा चूर्ण दोन कप पाण्यात उकळून निम्मं करा, गाळा, कोमट झालं की सकाळ-संध्याकाळ गुळण्या करा. दातांवरचा थर कमी करण्यात हा काढा क्लोरहेक्सिडीन या जंतू मारणाऱ्या औषधाच्या माउथवॉशच्या जवळपास जातो असं आपल्याकडच्याच काही चाचण्यांत दिसलंय, आणि तो माउथवॉश महिनोन्‌महिने वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. चव मात्र भयंकर आहे, पहिल्या दिवशी मी बेसिनवर पाच मिनिटं तोंड वाकडं करून उभा होतो. आणि एक, चूळ वेगळी आणि गुळणी वेगळी. नुसती गालात खळखळ करून उपयोग नाही, मान मागे टाकून घशात गुळगुळ आवाज आला पाहिजे, वास तिथे मागे आहे.

त्रिफळा नको असेल तर अर्धा चमचा ओवा ग्लासभर पाण्यात उकळा. ओव्यात थायमॉल नावाचं जंतू मारणारं द्रव्य असतं, जे बाजारातल्या नावाजलेल्या माउथवॉशमध्ये पण असतं, फक्त तिथे ते निळ्या बाटलीत येतं. पेरूची कोवळी पानं उकळून त्याच्या गुळण्या आमच्या गावाकडे करतात, हिरड्या जरा आवळल्यासारख्या वाटतात. आणि काहीच नसेल तर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ.

बडीशेप जेवणानंतर चिमूटभर, पण दोन-तीन मिनिटं सावकाश चावायची, खरं काम लाळेचं आहे. हॉटेलात बिलाबरोबर येते ती रंगीत साखरेची बडीशेप म्हणजे जंतूंना जेवणानंतरचं स्वीट डिश. लवंग एकच, दाढेत धरून ठेवायची, आणि लवंगेचं तेल तसंच्या तसं हिरडीला लावायचं नाही, भाजतं. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळायला मस्त, कोरड कमी होते, पण बीपी असलेल्यांनी रोज नको, त्याने प्रेशर वाढतं. तिळाच्या तेलाचा गंडूष, म्हणजे तेल तोंडात धरून ठेवणं, करायचा असेल तर एक चमचा तेल, पाच-दहा मिनिटं, आणि थुंकायचं कचऱ्याच्या डब्यात. खोबरेल घेणाऱ्यांनी तर नक्कीच, थंडीत ते पाइपात गोठतं आणि प्लंबर बोलवावा लागतो.

विड्याचं पान नुसतं खा, बडीशेप वेलची घालून, छान. सुपारी नको, तंबाखू तर नकोच. आणि मिश्री, याबद्दल राग येतो मला. अजून कितीतरी बायका "दात साफ होतात" म्हणून सकाळ-दुपार लावतात, ती भाजलेली तंबाखू आहे, दुसरं काही नाही, तिनेही तोंडाचा कॅन्सर होतो. राखुंडी, कोळसा, लिंबू-मीठ हे पण दातांवर घासू नका, वरचं कवच झिजलं की परत येत नाही.

हे सगळं दोन आठवडे नीट करून वास तसाच असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, घशातून पांढरे दुर्गंधी खडे पडत असतील तर डॉक्टर. दातांवरचं किटण काढलं की दात हलतात ही भीती काढून टाका, हलणारे दात किटणाने आधीच सैल झालेले असतात, तेच किटण त्यांना नुसतं धरून ठेवतं. घरात कवळी वापरणारं कोणी असेल तर ती रात्री काढून, घासून, पाण्यात. डायबेटीसवाल्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय आणि उलट्या, धाप आहे तर काढे-बिढे सोडा, तडक हॉस्पिटल.

आणि लहान पोराच्या अंगाला जवळ घेतल्यावर घाण वास येत असेल, एकाच नाकपुडीतून शेंबूड येत असेल, तर तोंड नाही नाक बघा. आमच्या शेजारच्या पोराच्या नाकातून फुगलेला हरभरा निघाला होता, त्याची आई बिचारी पंधरा दिवस त्याला तीनदा ब्रश करायला लावत होती.