दोन बिस्किटी छटा, एक भिंत

दसरा-दिवाळीच्या मधे पुण्यात पेंटर हाताशी लागत नाही, म्हणून आधी त्याची तारीख पक्की होते आणि रंग मग घाईत ठरतो. आम्ही तेच केलं. कोथरूडच्या घरात उत्तरेच्या खोलीला शेडकार्डावर सुंदर दिसलेला बिस्किटी दिला आणि तो भिंतीवर ओल्या सिमेंटसारखा उतरला. तेव्हा दोन छटांमधे अडकला असाल, तर पेंटर यायच्या आधी चार दिवस मोकळे ठेवा.

दोन्ही छटांच्या शेडकार्डातल्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवा. नुसत्या शेजारी धरल्या तर गडद कोणती एवढंच कळतं. पांढऱ्यावर झाक उघडी पडते. एक पिवळ्याकडे कलते, दुसरी गुलाबी, राखाडी किंवा हिरवटाकडे. एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, आकडा मिळाला तर तोही बघा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. खिडकीसमोर शेजारची इमारत असेल तर जास्त आकड्याची छटा घ्या.

मग दोन्हींचे छोटे डबे आणा, पण जुन्या भिंतीवर फासू नका, मागचा रंग डोळ्याला फसवतो. दोन-दोन फुटांच्या जाड पुठ्ठ्यांना पांढरा प्रायमर मारा, कडेने चार बोटं पांढरं सोडून रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून काहीच ठरवू नका.

खरी परीक्षा यानंतर. पुठ्ठे भिंतीला उभे टेकवून सकाळी, दुपारी चारला आणि रात्री बघा. उत्तरेच्या निळसर उजेडात पिवळी झाक दबते आणि राखाडी वर येते; पश्चिमेच्या हॉलमधे संध्याकाळी तोच पिवळा लोण्यासारखा होतो. रात्रीचे दिवे आधी कायमचे ठरवा, कारण 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली आणि 3000 च्या पिवळ्या दिव्याखाली एकच पुठ्ठा दोन रंगांचा वाटतो. फरशी, सागवानी दार, पडदे यांच्याजवळही धरा. खिडकीत गुलमोहर असेल तर त्याचा हिरवा उजेड भिंतीवर येतोच. उत्तरेच्या खोलीला मी आता पिवळ्या झाकेचाच बिस्किटी देईन.

ठरलं की शेडचा नंबर, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळून छटा बनवतात तो मूळ रंग) आणि मॅट की चकाकीचा हे बिलावर लिहून घ्या. एका खोलीचे सगळे डबे एकदम मिक्स करून आणा आणि लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला सांगा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून वर खोलीचं नाव आणि तारीख लिहा.